मागे कोण बसतं?

"म्हणजे तू अँब्युलन्स चालवतेस?"

हा प्रश्न मला पुण्याच्या मावशीपासून इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. खरं उत्तर "कधीकधी" असं आहे. आमची दोघांची जोडी असते. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे पेशंटजवळ बसायचं. पेशंट फार गंभीर असेल तर पॅरामेडिक मागे आणि मी स्टिअरिंगवर, नाहीतर उलट. पण हे फोनवर सांगता सांगता समोरच्याचा चहा उकळून जातो. "इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन" म्हणावं तर टेक्निशियन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे टीव्ही दुरुस्त करणारा माणूस उभा राहतो. एका नातेवाइकांनी तर सरळ विचारलं, "चांगली नोकरी असताना शनिवार-रविवारी हे असलं काम का करतेस?" जोर "असलं" या शब्दावर होता.

नेमका प्रश्न विचारला तो आमच्या सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "मागे बसतं ते डॉक्टर नसेल, तर त्याला काय कळतं?"

मी ज्या शहराजवळ राहते, त्या पिट्सबर्गने या प्रश्नाचं उत्तर साठच्या दशकाच्या शेवटी दिलं. आणि मग ज्यांनी ते दिलं होतं त्यांना बाजूला सारलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी आपला "रुग्णवाहिका" हा शब्द बघा. रुग्णाला वाहून नेणारी, बस्स. उपचाराचा त्यात कुठे पत्ताच नाही. आणि तिची सख्खी बहीण "शववाहिका". आत कोण आहे एवढाच काय तो फरक. पूर्वी मला हा शब्द नुसता बोजड वाटायचा, आता वाटतं की तो इतिहासाला अगदी धरून आहे. कारण साठच्या दशकापर्यंत अमेरिकेत अनेक गावांत या दोन गाड्या खरोखरच एक होत्या. 1966 साली इथल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की देशातल्या जवळपास निम्म्या अँब्युलन्स सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवतात, आणि असे लोक आहेत 12,000. कारण साधं होतं. आडवं झोपवलेलं माणूस मावेल अशी लांबलचक गाडी गावात त्यांच्याकडेच असायची! माणूस वाटेत गेला तरी गाडी बदलायला नको. (हा विनोद माझा नाही, आमच्या स्टेशनवर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.)

त्याच अहवालातला आकडा असा, की 1965 या एका वर्षात अमेरिकेत अपघाती दुखापती झाल्या 5 कोटी 20 लाख आणि त्यात माणसं मेली 1,07,000. कोरिया आणि व्हिएतनाममध्ये काम केलेल्या मंडळींचं मतही त्यात दिलं आहे. गंभीर जखमी व्हायचंच असेल तर शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर झालेलं बरं, तिथे जगण्याची शक्यता जास्त! सैन्यात जखमीजवळ धावत जाणारा, शिकवून तयार केलेला एक मेडिक असे. शहरात तसं कोणीच नव्हतं.

पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होतं. आपल्याकडे मोर्चातल्या लोकांना भरून नेतात तशा बंद गाड्या. कॉल आला की दोन पोलीस यायचे, स्ट्रेचरवर माणूस उचलायचे, मागे ठेवायचे, दार लावायचे आणि दोघेही पुढे जाऊन बसायचे. मागे कोणी नाही. माणूस उताणा, बेशुद्ध, जीभ घशात पडलेली, गाडी चढ-उतारांवरून धावतेय आणि आत तो एकटा. ज्यांनी पिट्सबर्ग पाहिलंय त्यांना इथले चढ-उतार सांगायला नकोत. या शहरात रस्त्यांच्या जागी सातशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत.

4 नोव्हेंबर 1966 ला हे सगळं एका मोठ्या माणसाच्या बाबतीत घडलं. डेव्हिड लॉरेन्स हे पिट्सबर्गचे माजी महापौर, पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर, शहराचं रूप पालटणारे म्हणून ख्याती असलेले. "सीरिया मॉस्क" नावाच्या सभागृहात (नाव मशिदीचं, पण होतं सभागृहच) प्रचारसभेत बोलताना ते कोसळले. गर्दीतल्या एका नर्सने त्यांना कृत्रिम श्वास द्यायला सुरुवात केली. पोलिसांची गाडी आली, त्यांना घेऊन गेली. इस्पितळात हृदय पुन्हा चालू झालं, पण तोवर मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता तो नव्हताच. 21 नोव्हेंबरला ते गेले.

त्या इस्पितळात पीटर साफार नावाचे भूलतज्ज्ञ होते. तुम्ही कधी सीपीआरचा वर्ग केला असेल, प्लास्टिकच्या बाहुलीच्या तोंडात फुंकर घातली असेल, तर तुमचा या माणसाशी संबंध आलाय. साफार मूळचे व्हिएन्नाचे, जन्म 1924 चा. पन्नासच्या दशकात बाल्टिमोरला असताना त्यांनी एक प्रयोग केला, जो आजच्या कुठल्याही नीतिसमितीने पहिल्याच पानावर फेटाळला असता. स्वेच्छेने आलेल्या माणसांना औषध देऊन त्यांचे स्नायू लुळे पाडले, म्हणजे त्यांचा श्वास बंद झाला. आणि मग दुसऱ्या माणसांना सांगितलं, आता तोंडाने यांना श्वास द्या. श्वास देणाऱ्यांमध्ये अग्निशमन दलाचे जवान होते, बॉय स्काउटची मुलं होती. त्यांनी तो दिला आणि लुळे पडलेल्यांच्या रक्तात पुरेसा प्राणवायू पोचला.

या प्रयोगाची आठवण साधारणपणे "तोंडाने श्वास देण्याचा शोध" अशी काढतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बॉय स्काउटला जमलं! म्हणजे जीव वाचवायला पहिल्या काही मिनिटांत लागते ती पदवी नव्हे, शिकवलेले हात. साफार यांना हे तेव्हाच कळलं होतं. ते जगाच्या गळी उतरायला अजून दहा वर्षं जायची होती.

1966 मध्येच, लॉरेन्स यांच्या काही महिने आधी, साफार यांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने गेली. शाळकरी पोर. तिचंही तेच झालं, हृदय चालू झालं, मेंदू परत आला नाही. अतिदक्षता विभाग ही कल्पना ज्यांनी अमेरिकेत रुजवली, त्यांच्या घरात हे झालं. इस्पितळात सगळं होतं, पण घर ते इस्पितळ या अंतरात काहीच नव्हतं. त्यानंतर साफार त्या अंतराच्या मागे लागले. गाडी कशी हवी इथपासून त्यांनी विचार केला. पेशंटच्या डोक्यामागे माणसाला बसता आलं पाहिजे, छत उंच पाहिजे, आत प्राणवायू आणि सक्शन पाहिजे. आज मी ज्या खुर्चीत बसते, पेशंटच्या डोक्याशी, उलट्या तोंडाने, तिची जागा या विचारातून ठरलेली आहे. (तिथे बसून रस्त्यातले खड्डे मोजता येतात. पण ते असो.)

गाडी ठरली. मागे बसणारी माणसं कोण?

इथे आपल्याला हिल डिस्ट्रिक्टमध्ये जायला हवं. पिट्सबर्गच्या मुख्य बाजाराला लागून असलेली ही टेकडीवरची वस्ती, मुख्यतः काळ्या लोकांची. नाटककार ऑगस्ट विल्सन इथलेच. जॅझचे क्लब, दुकानं, चर्च, सगळं होतं. पन्नासच्या दशकात शहराच्या "नूतनीकरणासाठी" वस्तीचा खालचा भाग पाडला, सुमारे 8,000 माणसं हलवली आणि तिथे उघडझाप करणाऱ्या छताचं एक भव्य क्रीडागार बांधलं. ते 1961 ला सुरू झालं. हे नूतनीकरण ज्यांच्या नावावर जमा आहे ते महापौर म्हणजे, अर्थातच, डेव्हिड लॉरेन्स. इतिहास कधीकधी गाठी अशा मारतो की कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्तच होतंय.

या वस्तीत माणूस आजारी पडला की पोलिसांना फोन करायचा. म्हणजे जी गाडी पोराला उचलून नेते, तीच गाडी आजीला न्यायला बोलवायची. अनेकजण बोलवायचेच नाहीत. बोलावलं तरी ती येईलच याची खात्री नसायची.

फिल हॅलन नावाचे एक गृहस्थ होते. तरुणपणी त्यांनी अँब्युलन्स चालवली होती आणि आता ते एका वैद्यकीय निधीचे प्रमुख होते. त्यांनी आणि साफार यांनी हातमिळवणी केली ती "फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस" या संस्थेशी. जेम्स मॅकॉय यांची ही संस्था काळ्या लोकांना रोजगार आणि धंद्यात मदत करायची. तोपर्यंत तिचं गाड्यांचं काम म्हणजे वस्तीत भाजीपाला पोचवणं! 1967 मध्ये ठरलं की भाजीऐवजी पेशंट न्यायचे. हिल डिस्ट्रिक्टमधल्याच माणसांना शिकवायचं. सरकारी भाषेत ज्यांना "नोकरीस अपात्र" म्हणत, अशांना. कोणी व्हिएतनामहून परतलेला, कोणी तुरुंगातून. पहिल्या तुकडीतल्या अर्ध्याअधिकांनी हायस्कूल पुरं केलेलं नव्हतं.

साफार यांनी त्यांना काय शिकवलं? सुमारे 300 तासांचा अभ्यासक्रम. शरीररचना, शरीरक्रिया, सीपीआर, प्रथमोपचार, शुश्रूषा, गाडी सुरक्षित चालवणं. मग इस्पितळात पाठवलं, शस्त्रक्रियेच्या खोलीत, अतिदक्षता विभागात, शवागारात. त्या काळी इतरत्र अँब्युलन्सवाल्याला प्रथमोपचाराचं एखादं कार्ड असलं तरी पुष्कळ समजत. मी स्वतः जो कोर्स केला तो दीडशे-पावणेदोनशे तासांचा होता, आणि तो करताना माझी दमछाक झाली. माझ्यापाशी इंजिनिअरिंगची पदवी होती, घरी मुलांकडे बघणारा नवरा होता आणि परीक्षेत नापास झाले असते तरी कोणी "बघा, यांना जमणारच नव्हतं" म्हणणार नव्हतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी. त्या लोकांच्या प्रत्येक चुकीवर त्यांच्या अख्ख्या वस्तीचं नाव लिहिलं जाणार होतं.

एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हिल डिस्ट्रिक्ट पेटलं. दुकानं जळली, सैनिक आले. त्या दिवसांत फ्रीडम हाउसच्या माणसांनी जखमींची ने-आण केली, वस्ती त्यांना ओळखत होती. मग रीतसर सेवा सुरू झाली, दोन गाड्यांनिशी. पहिल्या वर्षात त्यांनी सुमारे 5,800 कॉल घेतले आणि 4,600 हून जास्त पेशंट इस्पितळात पोचवले. साफार यांच्या हिशेबाने त्यांतले 200 जीव एरवी गेले असते.

200 हा आकडा वाचून सोडून देऊ नका. या कामात "वाचवला" म्हणावं असे प्रसंग फार थोडे येतात. बहुतेक वेळा आपण म्हातारीला जिन्यावरून अलगद खाली आणतो, रक्तदाब घेतो, हात धरतो, पुन्हापुन्हा तेच प्रश्न विचारतो (दुखणं कधी सुरू झालं, कुठे जातं, दहापैकी किती), आणि नर्सच्या ताब्यात देतो. त्यात दोनशे वेळा जीव परत येणं, तेही डिफिब्रिलेटर प्रत्येक मॉलच्या भिंतीवर नसण्याच्या काळात...

मोन्टेफिओर इस्पितळात जॉन मून नावाचा तरुण वॉर्डबॉय होता. त्याच्या वॉर्डात एक दिवस दोन माणसं पेशंटला न्यायला आली. काळी, मोठे ॲफ्रो केस राखलेली, पांढऱ्या गणवेशातली. ज्या अधिकाराने ती बोलत होती तो अधिकार त्याने आपल्यासारख्या कोणामध्ये इस्पितळात पाहिला नव्हता. ही माणसं कोण म्हणून त्याने चौकशी केली, आणि पुढे तोही फ्रीडम हाउसमध्ये दाखल झाला. तिथे तो श्वासनलिकेत नळी घालायला शिकला. तोंडातून एक वक्र पातं सरकवून, जीभ उचलून, स्वरतंतूंच्या मधल्या फटीतून नळी अचूक आत सारायची. चुकून अन्ननलिकेत गेली तर पोटात हवा भरते आणि माणूस जातो. त्या काळात इस्पितळाबाहेर, फुटपाथवर गुडघे टेकून हे करणारे डॉक्टर नसलेले लोक अमेरिकेत अगदी मोजके होते. माझ्या पातळीच्या टेक्निशियनला इथे आजही ते करण्याची परवानगी नाही.

1972 मध्ये साफार यांनी दोन महिन्यांतल्या सुमारे 1,400 पेशंटची तपासणी केली. गंभीर पेशंटना योग्य उपचार किती वेळा मिळाले? फ्रीडम हाउसकडून 89 टक्के वेळा. पोलिसांकडून 38 टक्के. स्वयंसेवी अँब्युलन्सकडून 13 टक्के.

"सर्वांत पहिले कोण" या वादात मला पडायचं नाही. बेलफास्टमध्ये फ्रँक पॅन्ट्रिज यांनी 1966 मध्येच डिफिब्रिलेटर गाडीत घालून रस्त्यावर आणला होता. मायामी, सिअॅटल, लॉस एंजेलिस इथेही त्याच सुमाराला प्रयोग चालू होते. पण पॅन्ट्रिज यांच्या गाडीत डॉक्टर असे, आणि हा फरक लहान नाही. आपल्या महाराष्ट्रात जानेवारी 2014 मध्ये 108 ची सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली, तीही प्रत्येक गाडीत डॉक्टर, या तत्त्वावर. (आणि चालकाला तिथे "पायलट" म्हणतात, हे नाव मला फार आवडतं. मावशीला आता मी तेच सांगते.) आपल्याकडे डॉक्टर मिळतात, पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टर दिसला की धीर येतो, हे सगळं खरं. पण डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात एवढं देता येतं का, हा सासूबाईंचाच प्रश्न आहे, आणि त्याची सगळ्यांत कठीण परीक्षा पिट्सबर्गमध्ये झाली. कारण तिथे शिकणाऱ्यावर विश्वास ठेवायला कोणीच तयार नव्हतं.

पेशंटसुद्धा. काही गोरे लोक छातीत कळ येत असतानाही काळ्या माणसाचा हात लावून घ्यायला तयार नसत, असं त्या लोकांनी नंतर सांगितलंय. कोणी कोणाला स्पर्श करायचा, यावर माणूस मरणाच्या दारातही अडून बसू शकतो, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

आता नॅन्सी कॅरोलाइन. आमच्या स्टेशनवरच्या कपाटात पॅरामेडिकच्या अभ्यासाचं एक जाडजूड पुस्तक आहे, "इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स". त्याची पहिली आवृत्ती 1979 ची. आता ते इतर लोक लिहितात, संपादित करतात, तरी मुखपृष्ठावर नावाआधी "नॅन्सी कॅरोलाइन यांचं" असं छापतातच. मी या बाईंचा शोध घ्यायला गेले आणि त्यातून फ्रीडम हाउस सापडलं.

कॅरोलाइन बॉस्टनकडच्या, जन्म 1944 चा. साफार यांच्याकडे अतिदक्षता शास्त्र शिकायला आल्या आणि 1974 मध्ये साफार यांनी त्यांच्या गळ्यात फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालकाचं काम घातलं. तिशीची गोरी ज्यू डॉक्टर आणि हिल डिस्ट्रिक्टची माणसं. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी भुवया वर गेल्या असणारच. पण बाई ऑफिसात बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या गाडीत बसून कॉलवर जायच्या, रात्री तिथेच कोचावर झोपायच्या, घरी असल्या तर रेडिओ उशाशी. प्रत्येक केसचा कागद तपासायच्या आणि जिथे चुकलं तिथे झाडायच्या. मुख्य म्हणजे आणखी शिकवायच्या. हृदयाचे आलेख वाचणं, शिरेतून औषधं देणं, नळी घालणं.

त्याच वेळी केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याला सगळ्या देशासाठी पॅरामेडिकचा एक प्रमाण अभ्यासक्रम हवा होता. तो लिहिण्याचं काम आलं पिट्सबर्गकडे, म्हणजे कॅरोलाइन यांच्याकडे. आणि तो घासूनपुसून पाहिला कोणावर? फ्रीडम हाउसच्या माणसांवर. थोडक्यात, अमेरिकेतला पॅरामेडिक जे शिकतो त्याचा कच्चा खर्डा हिल डिस्ट्रिक्टच्या जिन्यांवर तपासला गेलाय.

आणि नेमक्या याच दिवसांत शहर ती सेवा बंद करायला निघालं होतं.

पीट फ्लॅहर्टी 1970 मध्ये महापौर झाले. फ्रीडम हाउस शहराच्या कंत्राटावर चालायचं, ते पैसे उशिरा यायला लागले. इतर वस्त्यांतही सेवा द्यायची परवानगी मागितली, ती मिळेना. मोठी गंमत म्हणजे पैसेवाल्या गोऱ्या वस्त्यांतल्या लोकांना आता पोलिसांची तीच जुनी गाडी मिळत होती आणि हिलमधल्या गरिबाला देशातली एक उत्तम अँब्युलन्स. हे उलटं चित्र फार दिवस टिकणार नव्हतं. फ्लॅहर्टींनी जाहीर केलं की शहर स्वतःची सेवा काढेल.

इथे मला फ्लॅहर्टींच्या बाजूने एक गोष्ट म्हणायची आहे. अख्ख्या शहरासाठी महापालिकेची एकच सेवा असणं, हे मुळात चूक नाही. देणग्या आणि अनुदानांवर चालणारी संस्था एका शहराचा भार कायम वाहू शकत नाही. प्रश्न हा आहे की शहरात या कामातली सगळ्यांत तरबेज माणसं आधीच तयार असताना नवी सेवा त्यांच्याभोवती का उभारली नाही? याचं कातडीच्या रंगाखेरीज दुसरं उत्तर मी शोधून पाहिलं. मला तरी सापडलं नाही.

15 ऑक्टोबर 1975 ला फ्रीडम हाउसची अँब्युलन्स सेवा बंद झाली. कॅरोलाइन नव्या सेवेत गेल्या त्या आपल्या माणसांना घेतलं पाहिजे या अटीवर. घेतलं. आणि मग रीतसर, कागदोपत्री, कोणालाही बोट ठेवता येणार नाही अशा पद्धतीने त्यांना गाळलं. जोड्या फोडल्या. नव्या परीक्षा लावल्या. जुना गुन्हा नोंदीत असलेल्यांना काढलं. ज्यांनी पाच-सहा वर्षं नळ्या घातल्या होत्या, त्यांना नुकत्या आलेल्या गोऱ्या मुलांच्या हाताखाली पेट्या उचलायला लावलं. काहीजण वैतागून गेले, काहींना घालवलं. कॅरोलाइननीही राजीनामा दिला. पुढे त्या इस्रायलला गेल्या, तिथल्या अँब्युलन्स सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या, पूर्व आफ्रिकेत विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांबरोबर काम केलं. 2002 मध्ये गेल्या. साफार त्याच्या पुढच्या वर्षी.

पिट्सबर्गच्या पॅरामेडिकमध्ये नव्वदच्या दशकात जवळजवळ सगळे गोरे होते. जिथे हा व्यवसाय काळ्या माणसांनी उभा केला, तिथे! अमेरिकेच्या मनात पॅरामेडिकचं चित्र ठसलं ते 1972 ते 1977 या काळात चाललेल्या "इमर्जन्सी!" या मालिकेमुळे, त्यात लॉस एंजेलिस परगण्याचे दोन देखणे गोरे जवान होते. मालिका चांगली होती म्हणतात. माझ्या वयाचे इथले कितीतरी पॅरामेडिक ती पाहून या कामात आले. फ्रीडम हाउसवर मालिका नव्हती.

आणखी एक, नुसतंच टिपून ठेवते. 1974 मध्ये केंद्र सरकारने अँब्युलन्स कशी असावी याचं प्रमाण ठरवलं. त्या कागदाचा क्रमांक "केकेके-ए-1822". सरकारी वर्गीकरणात त्या प्रकारच्या वाहनांना ती अक्षरं मिळाली होती, त्यात कोणाचा काही हेतू नव्हता. त्याहून वाईट म्हणजे ते कोणाला खटकलंही नसावं.

यांतली बरीचशी माहिती जमली ती उशिरा. जीन स्टार्झेन्स्की यांचा माहितीपट, मग 2022 मध्ये केव्हिन हॅझर्ड यांचं "अमेरिकन सायरन्स" हे पुस्तक. हॅझर्ड स्वतः अटलांटात पॅरामेडिक होते, म्हणून त्यांना माहीत आहे की अशा वेळी खोलीत वास कसला येतो. जमलं तर वाचा. 2020 मध्ये इथल्या एका मोठ्या इस्पितळसमूहाने "फ्रीडम हाउस 2.0" या नावाने बेरोजगारांना या कामाचं शिक्षण देण्याचा कार्यक्रमही सुरू केला.

फ्रीडम हाउसचे मिचेल ब्राउन पुढे ओहायोत कोलंबस शहराच्या सार्वजनिक सुरक्षेचे प्रमुख झाले. आणि जॉन मून पिट्सबर्गच्या त्याच सेवेत टिकून राहिले. पेट्या उचलून सुरुवात केली आणि सहायक प्रमुख होऊन 2009 मध्ये निवृत्त झाले. अधिकार हाती आल्यावर काळ्या मुलामुलींना शोधून या कामात आणण्याचा त्यांनी खटाटोप केला. त्यांतली एक तरुणी अमेरा गिलख्रिस्ट. 2023 मध्ये पिट्सबर्गच्या अँब्युलन्स सेवेचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं.